प्रकल्प नोंदी: एकास सहा

२ जून २०२४, रविवार. शहापूर, बेळगाव

पावसाळा तोंडावर आला म्हणून माळ्यावरच्या दोन ट्रंका खाली काढल्या आणि बाहुल्यांची पहिल्यांदाच नीट मोजदाद केली. त्रेचाळीस भरल्या. त्यांपैकी सतरा बाहुल्या अंगावर कपडे चढवता येतील अशा, साधारण २९ सेंटिमीटर उंचीच्या, प्लास्टिकच्या आहेत. उरलेल्यांत चन्नपट्टणच्या अकरा, सावंतवाडीच्या सहा, किन्हाळच्या चार, लाकडी ठक्या दोन, एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांचा एक संच (तो मी एकच धरला), आजीने चिंध्यांची शिवलेली एक आणि आईच्या लहानपणची सेल्युलॉइडची एक.

बाहुल्यांखेरीज मला कसुती (धागे मोजून करायचे कानडी भरतकाम), छायाचित्रण, गच्चीवरची बाग आणि हार्मोनियम असे चार नाद आहेत. नोकरी सांभाळून या पाचांना पुरेल इतका वेळ मिळत नाही, आणि बाहुल्या बाकी चौघांचा वेळ खातात, अशी माझी कित्येक वर्षांची समजूत आहे. ती खरी आहे का, हे लिहून पाहायचे ठरवले आहे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एकही नवी बाहुली विकत घ्यायची नाही. आहेत त्यांची नोंद आणि दुरुस्ती करायची, सतरा बाहुल्यांना आपल्या भागातल्या कापडाचे कपडे शिवायचे, आणि कोणत्या छंदाने या कामाला काय दिले व कोणत्या छंदाकडून या कामाने काय काढून घेतले, ते या वहीत मांडायचे.

९ जून २०२४, रविवार

नोंदवहीचे रकाने आखले: क्रमांक, उंची, साहित्य, कुठून आली, कोणी दिली, सध्याची अवस्था. ‘साहित्य’ या रकान्यानेच दिवस खाल्ला, कारण लाकडी बाहुली एवढे लिहून भागत नाही. चन्नपट्टणची बाहुली काळ्या कुड्याच्या लाकडाची असते. तिकडे त्या लाकडाला हाले म्हणतात. ते चरकावर फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि शेवटी केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला झिलई आणतात. त्यामुळे तिच्या रंगाला ब्रशाची रेघ नसते. किन्हाळच्या बाहुलीचे काम याच्या अगदी उलट आहे. कोप्पळ जिल्ह्यातले हे कारागीर हलक्या लाकडाचे तुकडे जोडून मूर्ती उभी करतात, सांधे चिंचोक्याच्या खळीने बुजवतात आणि वरून रंगवतात. माझ्याकडच्या गरुडाचा पंख जिथे निखळला आहे तिथे आतला तागाचा धागा दिसतो. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलो होतो तेव्हा चितार आळीतून आणलेल्या सहा बाहुल्यांचा रंग अजून टवटवीत आहे, फक्त दोघींच्या तळाशी किडीची भोके पडली आहेत.

इतकी वर्षे मी या बाहुल्या नुसत्या मांडून पाहत होते. रकाना भरायचा म्हटल्यावर त्या हातात घेऊन उलट्या कराव्या लागल्या, आणि बाहुलीचा तळ तिच्या चेहऱ्यापेक्षा अधिक सांगतो, असे माझे मत झाले.

१६ जून २०२४, रविवार

आजची नोंद माझ्या चुकांची आहे. मागच्या पावसाळ्यात मी दोन्ही ट्रंकांत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. साड्यांच्या कपाटात त्या चालतात, परंतु नॅप्थालीनने काही जातींचे कडक प्लास्टिक मऊ पडते. एका जुन्या बाहुलीच्या गालाला गोळी चिकटून राहिली होती. ती काढली तेव्हा खाली वाटाण्याएवढा खळगा पडलेला दिसला. हा व्रण जाणार नाही. सगळ्या गोळ्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी मांजरपाटाच्या पुरचुंड्यांत वेखंड बांधून ठेवले, तेही बाहुलीला स्पर्श होणार नाही अशा कोपऱ्यात.

दुसरी चूक सेल्युलॉइडच्या बाहुलीची. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, एवढे मला माहीत होते. मात्र जुने होत जाताना त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि शेजारचे धातू व कापड ती खराब करते, याचा मी विचार केला नव्हता. तिच्या शेजारी ठेवलेली जरीची टोपी काळी पडली आहे. आता ती बाहुली झाकण नसलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाकीच्यांपासून दूर आणि देवघराच्या दिव्यापासून त्याहून दूर ठेवली आहे. दोन बाहुल्यांच्या कानांभोवती हिरवट डाग आले होते. तो कर्णफुलांच्या पिनांतल्या तांब्याचा परिणाम असतो. पिना काढून वेगळ्या पाकिटात घातल्या आणि पाकिटावर बाहुलीचा क्रमांक टाकला.

९ जुलै २०२४, मंगळवार

शेजारच्या अक्कांच्या घरी आज गुळ्ळव्वा बसवली होती. मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल पुजून झाले की आषाढातल्या मंगळवारी मातीची गुळ्ळव्वा करण्याची रीत कानडी घरांतून आहे. अक्कांनी खानापूरहून आलेली चिकण माती मळून वीतभर उंचीची बाई केली, डोळ्यांच्या जागी गुंजा बसवल्या आणि अंगावर दाण्यांची नक्षी टोचली. मी नोंदवहीच्या सवयीने पट्टी काढून उंची मोजू लागले, तेव्हा अक्का म्हणाल्या, “बाई, ती उद्या पाण्यात जाणार. माप कशाला?” मी तरीही मोजली. २१ सेंटिमीटर. नोंदवहीत कुठल्या क्रमांकाने लिहावी हे मात्र ठरेना, म्हणून शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिली.

२८ जुलै २०२४, रविवार

आठवडाभर झड लागली आहे आणि भिंतींना ओल आली आहे, त्यामुळे ट्रंका उघडल्या नाहीत. घरात बसून मापाचा तक्ता केला.

बार्बी १९५९ साली बाजारात आली ती साडेअकरा इंचांची, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटरची. तिला सहाने गुणले तर १७४ सेंटिमीटर उंचीची बाई होते. माझ्या सतराही बाहुल्या या मापाच्या आसपासच्या आहेत, म्हणून या प्रकल्पाचे माप एकास सहा असे धरले. साडेपाच मीटरची साडी या मापाने ९२ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर पन्ह्याची होते. हिशेब सोपा वाटला, म्हणून हुरूप येऊन गुळेदगुड्डच्या खणाचा एक तुकडा घेतला आणि चोळी कापली.

चोळी अंगाला नेमकी बसली आणि पाहताक्षणी वाईट दिसली. खणावरची विणलेली बुट्टी एक सेंटिमीटरची आहे. बाहुलीच्या मापाने ती सहा सेंटिमीटरची झाली, आणि तेवढी बुट्टी आपण आपल्या चोळीवर कधी घालणार नाही. कापड कापून लहान होते, परंतु त्यावरची वीण लहान होत नाही. खणाचा काठ आणि बुट्ट्यांमधली सपाट पट्टी एवढेच उपयोगी पडेल असे दिसते. एका खणातून जेमतेम दोन चोळ्या निघतील. उरलेल्या तुकड्यांची गोधडी करावी, असे सासूबाईंनी सुचवले आहे.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

खणाने जो प्रश्न उभा केला तोच कसुतीने पुढे आणला, आणि या महिन्यातले बहुतेक सगळे संध्याकाळचे तास त्यातच गेले.

कसुतीत छापा मारत नाहीत; कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती आणि मुर्गी या टाक्यांची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी लागते, त्यामुळे सुई कुठून निघून कुठे परत यायची हे आधी ठरवावे लागते. नेगी विणल्यासारखा दिसतो, मेंथी फुलीचा असतो. माझ्या साडीच्या पदरावरचे गोपुर ६० टाके रुंद आहे आणि प्रत्यक्षात १५ सेंटिमीटर भरते. बाहुलीच्या पदरावर ते अडीच सेंटिमीटरचे व्हायला हवे, म्हणजे एका इंचात ६० टाके बसले पाहिजेत. माझ्याजवळच्या सर्वांत बारीक कापडात इंचाला ४० धागे आहेत. दोन धाग्यांवर एक टाका घेतला तर इंचाला २० टाके होतात, आणि त्याहून बारीक टाका भिंगाखालीही माझ्या डोळ्यांना झेपत नाही.

तीन वेळा उसवले. चौथ्या वेळी सुई खाली ठेवली आणि समोर मांडून ठेवलेला रशियन संच हातात घेतला. मात्र्योश्का ही बाहुली १८९० च्या दशकातली. सर्गेई माल्युतिन या चित्रकाराने तिची कल्पना रेखाटली आणि ज्व्योज्दोच्किन या खरादीने ती चरकावर घडवली. मी एकीतून एक बाहेर काढून सातही बाहुल्या ओळीने ठेवल्या आणि प्रथमच रंगाऱ्याच्या नजरेने पाहिल्या. सर्वांत मोठीच्या अंगरख्यावर पाकळ्या, पाने आणि देठ असलेली पाच फुले आहेत. तिसरीवर तीनच फुले आहेत आणि देठ नाहीत. पाचवीवर एक फूल, म्हणजे खरे तर पाच ठिपके. सातवीला फक्त लाल अंग, पिवळा रुमाल आणि डोळ्यांचे दोन बिंदू आहेत, तरी ती त्याच घरातली आहे हे कोणीही ओळखील. रंगाऱ्याने फूल बारीक करत नेलेले नाही. प्रत्येक पायरीवर काय गाळायचे ते त्याने ठरवले आहे.

तेव्हा मग आलेखाचा कागद घेऊन गोपुर नव्याने काढायला बसले. मधली रेघ नेमकी मध्ये यावी म्हणून टाके विषम हवेत, म्हणून २१ धरले. साठाच्या गोपुरात सात मजले, प्रत्येक मजल्यावर कोनाडे आणि कोनाड्यांत दिवे आहेत. दिवे आधी गाळले, मग कोनाडे. सातांचे चार मजले केले. शिखरावरचा कळस गाळून पाहिला तर गोपुराची नुसती पायऱ्यांची रास दिसू लागली, म्हणून कळस परत घेतला आणि त्यासाठी एक मजला आणखी कमी केला. तीन मजले आणि कळस, एवढ्यावर गोपुर उभे राहते.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

सुट्टी असल्यामुळे गोपुर पूर्ण झाले. सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर वापरला. रुंदी २.७ सेंटिमीटर. उलट बाजूनेही स्वच्छ आहे.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

हार्मोनियमबद्दल लिहिणे मी टाळत होते, कारण या प्रकल्पात नुकसान झाले ते तिचेच. जूनपासून गुरुवारचा सराव सहा वेळा बुडाला आहे. हात बाहुल्यांत आणि कान गाण्यात ठेवता येतील, अशी माझी अपेक्षा होती. बाहुल्या पुसताना, केस विंचरताना, निऱ्या टाचताना रेडिओवरचे गाणे छान ऐकू येते आणि कामालाही गती येते. परंतु कसुतीचे टाके मोजताना विलंबित ख्याल लावला की दोन्ही बिघडतात. मनात मोजणी एकच चालू शकते. समेची वाट पाहू लागले की टाका चुकतो आणि टाका धरला की सम निघून जाते.

त्यामुळे आता आठवड्याची मांडणी बदलली आहे. मोजायचे काम मंगळवारी आणि शनिवारी, शांततेत. पुसण्याचे व शिवणाचे काम गाण्याबरोबर. गुरुवारी बाहुल्यांच्या खोलीचे दार लावलेले राहील आणि हार्मोनियमची पेटी उघडलेली राहील. हा छंद बाहुल्यांशी कुठेही जोडला जात नाही आणि त्याला ओढून जोडूही नये, असे मला वाटते. सगळे छंद एका दोऱ्यात ओवायचे असे या वहीच्या पहिल्या पानावर मी सुचवले होते, ते मागे घेते.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

घरी गणपती आहेत. काम नाही.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

आईची फाटलेली इरकल साडी उसवून तीन नेसवण्यांपुरते कापड काढले. इरकलीच्या अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असून ते फासांनी जोडलेले असतात, आणि तो जोड मला बाहुलीच्या साडीत ठेवायचा होता, पण त्याच्या गाठी सहापट मोठ्या दिसू लागल्यामुळे सोडून दिला. कुठे गाळायचे हे ठरवायला आता पूर्वीइतका वेळ लागत नाही.

नेसवताना नवीच अडचण आली. कापडाचे वजन मापाप्रमाणे घटत नाही. आपल्या अंगावर साडी स्वतःच्या भाराने खाली पडते; बाहुलीच्या अंगावर तीच साडी घंटेसारखी फुगून राहते. पन्नास वर्षे धुतलेले सुती कापड मऊ असूनही निऱ्या उघडल्या. शेवटी तांदळाच्या पातळ पेजेत कापड बुडवून ते ओलसर असतानाच पुठ्ठ्यावर एकेक निरी टाचणीने बसवली, रात्रभर वाळू दिली आणि सकाळी वाफेवर धरली. सहा निऱ्यांच्या जागी चारच घेतल्या. नऊवारीचे ८.२ मीटर मापाने १३७ सेंटिमीटर होतात, परंतु तेवढे कापड घेतले तर काष्ट्याची गाठ माणसाच्या पाठीवरच्या पोत्यासारखी होते. १०० सेंटिमीटर घेतले आणि आतला एक फेरा वगळला. बाहेरून ती नऊवारीच दिसते.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

नवरात्र. वरच्या मजल्यावरच्या म्हैसूरकडच्या कुटुंबाने गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडले आहेत. सात पायऱ्या केल्या असून सर्वांत वर पट्टद गोंबे, म्हणजे राजा-राणीची लाकडी जोडी आहे. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते आणि दर वर्षी तिला नवे कपडे करायचे असतात. वहिनींनी राणीचा या वर्षीचा पदर मला दाखवला. त्यांनी जरीच्या साडीचा काठ लांबीत चिरून त्याची अर्धीच रुंदी वापरली होती. जो उपाय शोधायला मला दोन महिने लागले तो त्या घरात सासूकडून सुनेकडे आलेला आहे.

त्यांच्या परवानगीने छायाचित्रे काढली. उभ्याने काढलेल्या चित्रात बाहुली खेळण्यासारखी दिसते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीत-दीड वीत वर आणला की ती कोणी व्यक्ती वाटते. मात्र इतक्या जवळून नाक स्पष्ट आले तर कान धूसर होतात. छिद्र एफ ११ पर्यंत लहान केले, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात दोन-दोन सेकंद वेळ दिला. छायाचित्रणाने माझ्या बाहुल्यांना काय दिले याचे उत्तर या मांडणीसमोर पोटावर पडून राहिले असताना मिळाले: टाके सरळ नसतील तर कॅमेरा ते लपवत नाही. परत येऊन दोन चोळ्यांच्या बाह्या पुन्हा शिवल्या.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

पुतण्याचा दिवाळीचा किल्ला. अळीव पेरून झाले आहे, बुरुजांना काव लावली आहे. बागेतल्या कुंडीतली तुळस मी बाहुल्यांच्या वृंदावनासाठी महिनाभर खुडून बुटकी ठेवली होती. झाड बुटके झाले, पण पाने होती तेवढीच राहिली, आणि बाहुलीच्या हाताएवढे पान पाहून मी तो नाद सोडला. पुतण्याने त्याच्या किल्ल्यावरचे शेवाळ मला दिले. भिंतीवरचे हे शेवाळ एकास सहा मापात हुबेहूब झुडपासारखे दिसते.

त्याने बाजारातून मातीचे मावळे तीन मापांचे आणले होते आणि ते कसे मांडावे हे विचारले. मोठे पायथ्याशी, मधले चढणीवर आणि सर्वांत लहान माचीवर मांडायचे, म्हणजे किल्ला उंच दिसतो, असे सांगितले. माझी एखादी बाहुली महालात बसवावी का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “नको काकू, ती महाराजांपेक्षा मोठी दिसेल.” त्याचे म्हणणे बरोबर आहे. २९ सेंटिमीटरच्या बाहुलीला दहा सेंटिमीटरच्या मावळ्यांत जागा नाही.

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. कार्तिकी पौर्णिमा

सतरापैकी चौदा बाहुल्यांचे कपडे झाले. कसुतीचे पदर पाच. नोंदवहीत त्रेचाळीस पाने भरली. नवी बाहुली घेतली नाही. हार्मोनियमचे गुरुवार ऑगस्टअखेरपासून एकही बुडालेले नाहीत.

संध्याकाळी अक्कांनी सक्करे गोंबे करायला बोलावले. गौरी हुण्णिमेला, म्हणजे आजच्या पौर्णिमेला, साखरेच्या बाहुल्यांनी गौरीची आरती करण्याची आणि लग्न ठरलेल्या मुलीला त्या पाठवण्याची पद्धत उत्तर कर्नाटकात आहे. त्यांच्याकडे सासूबाईंचे सागवानी साचे आहेत. दोन फळ्यांच्या आत पालखी, मोर, हत्ती, तुळशी वृंदावन आणि गौरी उलट्या कोरलेल्या. साचे पाण्यात भिजत ठेवले, दूध घालून साखरेची मळी काढली, पाक घट्ट होत आला तसा घोटून साच्यात ओतला. थोड्या वेळाने फळ्या उघडल्या आणि पांढरीशुभ्र गौरी बाहेर आली. मी साचा दिव्याजवळ नेऊन पाहिला. कारागिराने गौरीच्या साडीवर कुठलीही नक्षी कोरलेली नाही, केवळ पदराचा काठ आणि चार निऱ्या आहेत.

“हिचे माप घ्यायचे नाही का?” असे या वेळी अक्कांनीच विचारले. उंची ११ सेंटिमीटर. छायाचित्र काढले. आरतीनंतर ती फोडून सगळ्यांना वाटली आणि माझ्या वाट्याला पदराचा तुकडा आला. घरी आल्यावर नोंदवहीचे शेवटचे पान उघडून गुळ्ळव्वेची पेन्सिलीची नोंद शाईने लिहिली आणि तिला चव्वेचाळीस क्रमांक दिला. गौरीला पंचेचाळीस.